वरचे दोन मीटर

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एकटे राहणाऱ्या काकांसारखा, दिवसातून इतक्या वेळा हादरणारा माणूस साऱ्या सुरतेत दुसरा नव्हता. आणि असलाच तर त्याची माझी गाठ पडू नये, एकाच काकांनी माझं पुरतं भागलं. सकाळी दुधाच्या पिशवीला टाचणीएवढं भोक दिसलं की काका हादरायचे. नाश्त्याच्या लोचोवर गाडीवाल्यानं तेलाऐवजी लोणी घातलं की हादरायचे. सोसायटीत केबल लागली तेव्हा साबणाच्या जाहिरातीत भर दुपारी अंघोळ करणारी बाई बघून ते चार वेळा हादरले, आणि ती पुन्हा तसं करते का हे बघायला रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्या सोफ्यावर बसून राहिले. हादरण्याची रीत ठरलेली. उजवा हात छातीवर, डोळे कपाळात, आणि तोंडातून "हाई काय शे!" काका मूळचे अमळनेरकडचे. एकतीस वर्षं सुरतेच्या एका मिलमध्ये काढल्यामुळे गुजराती अगदी गुजरात्यांसारखं बोलायचे, माझ्यासारख्या कोल्हापूरच्या बाईशी बोलताना जपून शाळेतलं मराठी काढायचे, पण धक्का बसला की आतली अहिराणी उसळून वर यायची. "हे काय आहे" असं म्हटलं असतं तर शेजारपाजारचे निम्मे लोक घाबरले नसते.

मिलमध्ये काका कापड तपासायचे. खाली दिवा लावलेल्या काचेवरून दिवसभर कापडाचा ताका सरकतोय आणि काका त्यातला डाग, तुटकी तार, गाठ शोधतायत, हे काम. मग कापडाची प्रत ठरवायची: बिनडागी ते फ्रेश, थोडा दोष असलेलं सेकंड, तुकड्यातुकड्यांनी विकायचं ते फेंट, आणि ज्याचं काहीच होत नाही ती चिंधी. निवृत्त झाल्यावर मिल सुटली, प्रत ठरवणं सुटलं नाही. माझं पिठलं सेकंड. सोसायटीच्या अध्यक्षांचं भाषण फेंट. आमच्या ह्यांच्याबद्दल त्यांचं मत, "माणूस फ्रेश आहे, किनारीला थोडा ढिला." समोरच्या बिल्डिंगमधल्या लग्नात ते नवरीला आशीर्वाद द्यायला गेले आणि तिच्या शालूचा पदर उजेडाकडे धरून तिच्या बापाला म्हणाले, "फसवलं तुम्हाला. सेकंड आहे. ही बघा, तार तुटलेली." पाठवणीच्या वेळी ती पोरगी जे धाय मोकलून रडली ते माहेर सुटलं म्हणून की शालू सेकंड निघाला म्हणून, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. आणि कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच शेरा असायचा: "वरचे दोन मीटर सगळेच चांगले देतात, सूनबाई. ताका मधून उघडायचा."

ही सगळी करमणूक मी लांबून हसत बघत होते, तोवर माझ्याच घरात ताका उघडायची वेळ आली. मी बँकेत नोकरीला. माझी मुलगी चिनू दीड वर्षाची होईपर्यंत तिला सासूबाईंनी सांभाळलं, पण कोल्हापुरात धाकट्या जावेचे दिवस भरत आले आणि त्यांना जावं लागलं. हे इच्छापोरच्या कारखान्यात, पहाटेच्या बसनं जाणार ते अंधार पडता परतणार. मी रजा घेतली, वाढवली, पुन्हा वाढवली. शेवटी साहेबांनी बोलावून सांगितलं, "बहेन, पुढच्या सोमवारी या, नाहीतर राजीनामा पाठवा." म्हणजे हातात राहिले आठ दिवस. आठ दिवसांत पोरीला ठेवायची जागा शोधा, नाहीतर आठ वर्षांची नोकरी सोडा. मी फोनवर सासूबाईंना सांगितलं की इथं घोडियाघरं पुष्कळ आहेत, एखादं बघते.  पलीकडून हुंदका. "अगं, माझी नात काय घोड्यांच्यात ठेवणार तू?" गुजरातीत घोडियुं म्हणजे पाळणा, हे त्यांना समजवण्यात एस.टी.डी.चं मीटर धावत राहिलं आणि बूथवाल्यासकट रांगेतल्या सगळ्यांना माझ्या घरची अडचण कळली.

काकांना ती तळमजल्यावर बसून कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा शर्ट, पायजमा, खिशात भिंग अशा थाटात ते दारात उभे. "मी येतो. बिनतपासलेला माल मी घेऊ देत नाही." मी म्हटलं, काका, आपण माल घ्यायला चाललेलो नाही, आपली पोर द्यायला चाललोय. त्यावर ते म्हणाले, "मग तर दोनदा तपासू."

पहिली जागा अडाजणला. बंगला, फाटकावर इंग्रजी नाव, भिंतीवर ससे, बदकं, इंद्रधनुष्य. तिथल्या मॅडम इतक्या गोड बोलत होत्या की मला वाटलं, मीच इथं राहावं. बारा-चौदा पोरं रांगेत हाताची घडी घालून बसलेली. कुणी रडत नाही, कुणी भांडत नाही, कुणाचं नाक वाहत नाही. मी तर पर्समधून पेन काढलं, फॉर्म कुठं आहे विचारलं. काका माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "आवाज कुठंय? मिलमध्ये आवाज बंद पडला की समजायचं, बिघाड आहे." मी त्यांना कोपर मारलं. तोवर ते रांगेतल्या पहिल्या पोरासमोर उकिडवे बसले, त्याचा मोजा खाली केला आणि घोटा निरखून बघितला. मग दुसऱ्याचा. मग तिसरीचा. प्रत्येकाचे दोन्ही घोटे, भिंगानं! मॅडमचं हसू पातळ व्हायला लागलं. "अंकल, ये आप क्या कर रहे हैं?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण काकांना कशाची पर्वा! त्यांनी गादी वास घेऊन बघितली, उलटी केली, पुन्हा वास घेतला, माठाची उंची वितीनं मोजली, आणि शेवटी सगळ्यांच्या देखत फरशीवर उताणे झोपले. "पोराला काय दिसतं ते पोराच्या उंचीवरून बघायचं," असं छताकडे बघत त्यांनी जाहीर केलं.

मी मॅडमची माफी मागत होते, तेवढ्यात खालून आवाज आला, "हाई काय शे!"

काका पलंगाखाली हात घालून बाटल्या काढत होते. एक, दोन, पाच, सात. सर्दीवरच्या औषधाच्या, ज्यानं गुंगी येते त्या. एकाही पोराला सर्दी नव्हती, ते तर मी नुकतंच कौतुकानं बघितलं होतं. मॅडम काही बोलायच्या आत तिथली आया बिचारी सरळपणानं म्हणाली, "एक-एक चमच देते हैं ना, बहेनजी. नहीं तो सोते कहाँ हैं?" मी त्या रांगेकडे पुन्हा बघितलं. ती पोरं शहाणी नव्हती हो, पेंगत होती. त्यातली एक मुलगी डोळे उघडे ठेवून बसल्या बसल्या डुलत होती, चिनूएवढीच.  मी पेन उघडंच पर्समध्ये टाकून बाहेर पडले आणि पर्सच्या अस्तराला शाईचा हा मोठा डाग पडला. मॅडमना दोन शब्द सुनवायचेही राहिले. काकांनी ती बाब मात्र सोडली नाही. नंतर त्यांनी घरोघर फिरून त्या पोरांचे आईबाप शोधून काढले आणि प्रत्येकाच्या दारात पुन्हा नव्यानं हादरून दाखवलं.

त्यानंतर मला काकांबद्दल आदर वाटायला लागला. तो फक्त अडीच दिवस टिकला. कारण त्या अडीच दिवसांत त्यांनी माझ्या पुढ्यातल्या सहा जागा नापास केल्या. एका ठिकाणी दिवसभर टी.व्ही. लावून पोरांना त्याच्यासमोर बसवायचे: फेंट. एका ठिकाणी आईबापांनी फक्त गुरुवारी चार ते पाच यायचं असा नियम: "हेच ते वरचे दोन मीटर," चिंधी. तिसऱ्या बाईंनी सगळ्या पोरांना एकाच रुमालानं पुसलं. चौथ्या ठिकाणी मला काही खोट दिसेना, तर काका म्हणाले, "त्या बाईला चौदातल्या तीन पोरांची नावं आली नाहीत. मी एकेकाकडे बोट दाखवून विचारलं." आणि प्रत्येक ठिकाणी तेच, उकिडवं बसायचं, मोजे काढायचे, घोटे बघायचे. एका आजीनं तर त्यांना पोरं पळवणारा समजून केरसुणी उगारली.

शुक्रवारी दुपारी माझा तोल गेला. सोसायटीच्या फाटकात, चिनू कडेवर किरकिर करतेय, ऊन डोक्यावर, आणि काका म्हणतायत, "उद्या कतारगामला दोन बघू." मी ओरडले. "बास झालं काका! सोमवारी मला हजर व्हायचंय. तुमच्या नादाला लागून नोकरी जाईल माझी! आणि लोकांच्या पोरांचे पाय काय बघत फिरता हो? शोभतं का या वयात?"

मला वाटलं, आता छातीवर हात जाईल, डोळे कपाळात जातील. काहीच झालं नाही. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि खाली मान घालून आपल्या दाराकडे गेले. काका न हादरता घरात गेलेले मी पहिल्यांदाच बघितले, आणि मलाच धक्का बसला.

शनिवारी सकाळी मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत होते, तर दारात काका. भिंग नाही, थाट नाही. "डिंडोलीला आमच्या खानदेशातली एक बाई आहे. कारखान्यात जाणाऱ्या बायांची पोरं सांभाळते. सांगून जायचं नाही, असंच जायचं. शेवटचं. मग तू म्हणशील ते."

दोन खोल्यांचं घर. पत्र्यावर खडूनं घोडियाघर लिहिलेलं, त्यातला र पुसलेला. आत शिरताच मी हबकले. साड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, नऊ पोरं, आणि कल्ला असा की शेजारच्या यंत्रमागाचा आवाज ऐकू येऊ नये. भिंतींवर कोळशाच्या रेघोट्या. एक पोरगं स्वतःच्या हातानं वरण-भाकरी खात होतं, म्हणजे निम्मं पोटात, निम्मं केसांत. दोघांची नाकं वाहत होती. इथं? माझ्या चिनूला? मी काकांकडे बघितलं, आता हे नक्की हादरणार. पण हादरवलं त्या बाईनंच. पन्नाशीची, काटक, कमरेला पदर खोचलेला. आम्हाला बघताच कडाडली, "भायेर! पहिले पाय धुई या!"

एकतीस वर्षं दुसऱ्यांचा माल माघारी पाठवणारे काका मुकाट्यानं बाहेर गेले आणि पाय धुऊन आले. मीही धुतले. मग आम्ही तपासायच्या ऐवजी बाईनंच आम्हाला तपासायला घेतलं. पोर कोणाची? हे म्हातारबाबा पोरीचे कोण? पोर काय खाते? पाण्याला काय म्हणते? रडली तर कुणाची आठवण काढते? मी एकेक सांगत होते, तेवढ्यात तिनं विचारलं, "पोर जपस का?" मला वाटलं, ती विचारतेय पोरीला जपता का नीट. माझा पाराच चढला. "म्हणजे काय! आई आहे मी तिची. जिवापाड जपते!" बाई बुचकळ्यात. "तू नही वं माय, पोर! पोर दुपारले जपस का?" काका मध्ये पडले. "सूनबाई, आमच्यात झोपण्याला जपणं म्हणतात. पोर दुपारी झोपते का, असं विचारतेय." मी खजील होऊन म्हटलं, "आमच्यात जपणं म्हणजे सांभाळणं." बाई हसली, पहिल्यांदाच. "एकच शे ना मंग. सांभाळी त जपस. नही सांभाळी त नही जपस." एवढं बोलून तिनं चिनूला माझ्या कडेवरून अशी उचलली की चिनूला रडायचं लक्षात येईपर्यंत तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता.

काका तोवर उकिडवे बसून घोट्यांकडे वळले होते. एक, दोन, सात, नऊ. सगळे घोटे मळके, पण त्यांची मान समाधानानं हलत होती. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि समोरची खिडकी बघून जागच्या जागी थिजले. खिडकीच्या गजाला कापडाची एक लांब पट्टी बांधलेली होती. ताक्याच्या कडेची, फाडून टाकलेली किनार.

"हाई काय शे?" ते म्हणाले. उद्गार नव्हता तो. आवाजच नव्हता त्यात. 

"हाई?" बाईनं पट्टीचं दुसरं टोक ओढलं. टोकाला बैलाच्या गळ्यातली एक जुनी घंटी होती, ती खणखणली, आणि आठ पोरं हातातलं टाकून रांगत, पळत, पडत तिकडे धावली. नववं वरण खात होतं. त्यांचं ते खेळणं होतं.

काका उंबऱ्यावर जाऊन बसले. मी घाबरून पाणी दिलं. तांब्या हातात धरून ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले.

"माझी पोर मिलच्या घोडियाघरात होती, सूनबाई. तिची आई घडीखात्यात कापडाच्या घड्या घालायला, मी तपासणीला. चार वर्षांची होईपर्यंत तिथं होती. माझ्या टेबलापासून एक भिंत मध्ये. मी एकदाबी आत जाऊन बघितलं नाही. साहेबलोक पाहुणे आणायचे तेव्हा पाळणे रंगवायचे, झालरी लावायचे, तेवढं दारातनं बघितलं. छान वाटलं." त्यांनी तांब्या मांडीवर टेकवला. "मी ताक्याच्या किनारी फाडून टोपलीत टाकायचो. तिथली दाई रोज त्या मागून न्यायची. मला वाटायचं, फरशी पुसायला. पोरीच्या घोट्यावर वळ असायचा. तिच्या आईला वाटलं वाळा रुततो, म्हणून आम्ही वाळा काढला. वळ तसाच. मी म्हटलं, डास चावत असेल."

आत घंटी वाजली, पोरं किंचाळली.

"तिच्या हळदीच्या दिवशी पायाला हळद लावताना तिनंच सांगितलं. हसत सांगितलं हो. म्हणाली, बाबा, आम्हाला दिवसभर खिडकीला बांधून ठेवायचे, तुमच्या मिलच्या चिंधीनं. पोरगी हसत होती आणि मांडवात सगळे हसत होते." तांब्यातलं पाणी त्यांच्या पायजम्यावर सांडत होतं, त्यांना पत्ता नव्हता. "रोज शेकडो वार कापड बघायचो मी. मोहरीएवढा डाग सुटला नाही माझ्या नजरेतून."

शुक्रवारी फाटकात मी जे बोलले होते ते आठवून मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की मी त्यांच्या शेजारी त्या उंबऱ्यावर बसले आणि रडले. थोड्या वेळानं आतला गलका ओसरला. बाई बाहेर आली आणि बोटानं गप्प बसायची खूण करून म्हणाली, "जपी गई." चिनू परक्या घरात, परक्या झोळीत, मूठ उघडी टाकून झोपली होती. मुठीतून भाकरी खाली पडली होती. मी विचारलं, "काका, कुठली प्रत?" त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "आत्ता नाही सांगणार. रोज बघावं लागेल."

सोमवारी मी बँकेत हजर झाले.

आणि काकांनी रोज बघितलं. संध्याकाळी मी चिनूला घेऊन रिक्षातून उतरले की काका फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. चिनूला समोर उभी करायची, बूट काढायचे, मोजे खाली करायचे, आधी उजवा घोटा, मग डावा, आणि मग अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात "फ्रेश!" एकदा डास चावलेला दिसला तर थेट डिंडोलीला जाऊन त्या बाईशी भांडून आले, आणि बाईनं त्यांना आधी पाय धुवायला लावले. पुढे पुढे चिनूच खुर्चीसमोर जाऊन पाय वर करायची. मला वाटायचं, आता पुरे करावं काकांनी. पण सांगायची छाती झाली नाही.

चिनू बालवर्गात जायला लागली त्या वर्षी काकांना धाप लागायला लागली, आणि बारडोलीहून त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. तिचा नवरा तिथल्या साखर कारखान्यात. हसरी, मोकळी बाई. बापावर तिचा कसलाच राग नव्हता, हे तिनं ज्या मायेनं त्यांचा स्वेटर सारखा केला त्यावरून कुणालाही कळलं असतं. काकांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. आम्ही स्टँडवर पोचवायला गेलो. बस लागायला वेळ होता, काका बाकावर बसलेले, पिशवी मांडीवर. तेवढ्यात चिनू त्यांच्यासमोर उकिडवी बसली. त्यांची उजव्या पायातली चप्पल काढली, पायजमा वर सरकवला आणि तो सुकलेला, निळ्या शिरांचा घोटा दोन्ही हातांनी फिरवून फिरवून बघितला. मग डावा. स्टँडवरची माणसं बघायला लागली. काकांची मुलगी हसता हसता एकदम गप्प झाली.

"फ्रेश!" चिनूनं ओरडून सांगितलं.

काकांचा उजवा हात छातीवर गेला, डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, पण "हाई काय शे" काही बाहेर आलं नाही. मुलीनं त्यांना हाताला धरून बसमध्ये चढवलं. खिडकीतून ते चिनूकडे बघत राहिले. बस हलली तेव्हाही त्यांचा पायजमा तसाच वर सरकलेला होता, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीनं वाकून तो हळूच खाली केला.